झांजवाल्या माकडाची कळ

झांजा वाजवणाऱ्या खेळण्यातल्या माकडाच्या अंगावर एक इवलीशी सरकती कळ असते. ती नखाने सरकवायला बोटांत जेवढी पकड लागते, तेवढी सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेक मुलांपाशी नसते. मग आई कळ सरकवते, माकड वाजतं आणि मूल बघत राहतं. खेळणं मुलाचं, पण खेळणारी आईच.

अशा मुलांसाठी वेगळ्या कळी मिळतात. अमेरिकेतल्या एबलनेट कंपनीची ‘बिग रेड’ जवळपास 13 सेंटीमीटर रुंद आहे. पंजाने, कोपराने, गुडघ्याने, डोक्याने, जिथून जमेल तिथून ती दाबावी. तिच्या वायरीच्या टोकाला साडेतीन मिलिमीटरची पिन असते. जुन्या ट्रान्झिस्टरच्या इअरफोनला असायची तशीच. वेगवेगळ्या कंपन्यांनी हीच पिन कायम ठेवली, हे या क्षेत्राचं भाग्य म्हणायला हवं. एका खेळण्याची कळ काढून दुसऱ्याला लावता येते.

अडचण असते ती माकडाच्या बाजूने. त्याच्यात पिन खुपसायला जागाच नसते. ती घरच्या घरी कशी करावी, यावर लिंडा बर्कहार्ट या अमेरिकन शिक्षिकेने 1980मध्ये पुस्तकच लिहिलं. सगळ्यांत सोपी युक्ती म्हणजे दोन्ही अंगांना तांब्याचा थर आणि मध्ये वीज न वाहू देणारा पदर असलेली पातळ चकती. सेल आणि त्याला टेकणारी पत्र्याची पट्टी यांच्यामध्ये ती सरकवली की वीज अडते. चकतीच्या दोन बाजूंना सोल्डर केलेल्या दोन वायरी बाहेरच्या सॉकेटपर्यंत आणायच्या आणि माकडाची मूळ कळ कायम चालू ठेवायची. मुलाने मोठी कळ दाबली की सर्किट पुरं होतं, झांजा वाजू लागतात. सोडली की थांबतात. सेलचं झाकण नीट बसावं म्हणून कडेला कानशीने एक बारीक खाच पाडली की काम झालं.

पोट दाबल्यावर गाणारं अस्वल मात्र या चकतीला दाद देत नाही. त्याच्या आतल्या सर्किटला सतत वीज लागते आणि गाणं सुरू करायला बटणाचा इशारा. तिथे शिवण उसवायची, बटणाच्या दोन टोकांना दोन वायरी सोल्डर करून सॉकेट बाहेर काढायचं आणि पुन्हा शिवून टाकायचं. यात मूळ बटणही शाबूत राहतं, त्यामुळे धाकट्या भावंडालाही त्याच अस्वलाशी खेळता येतं.

एवढ्या खटाटोपाने काय साधतं? जॉन वॉटसन आणि क्रेग रेमी या मानसशास्त्रज्ञांनी 1972मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन महिन्यांच्या बाळांच्या डोक्याखाली दाब ओळखणारी उशी ठेवली होती. काही बाळांनी डोकं हलवलं की वर टांगलेलं खेळणं फिरे. काहींचं आपोआपच फिरे. रोज दहा मिनिटं, दोन आठवडे. ज्यांच्या हालचालीने खेळणं फिरत होतं ती बाळं डोकं अधिकाधिक हलवू लागली, खेळण्याकडे बघून हसू लागली, हुंकार देऊ लागली. नुसत्या फिरण्यात त्यांना गंमत नव्हती. ते आपल्यामुळे फिरतंय, यात होती. हात वळत नाही म्हणून एखादं मूल या अनुभवाला वर्षानुवर्षं मुकत असेल, तर त्याच्या खेळण्याला चैन म्हणणं अन्यायाचं आहे.

पुढची वाटही इथूनच निघते. एक कळ नेमकी वेळेवर दाबता आली की पडद्यावर सरकत जाणाऱ्या अक्षरांतून हवं ते निवडता येतं. स्टीफन हॉकिंग आधी हातातल्या कळीने आणि नंतर गालाच्या हालचालीने असेच लिहीत. मायक्रोसॉफ्टने 2018मध्ये आणलेल्या एक्सबॉक्सच्या खास कंट्रोलरला मागे याच साडेतीन मिलिमीटरच्या पिनेसाठी 19 सॉकेट आहेत.

पथ्यं पाळावीच लागतात. 230 व्होल्टवर चालणारा मिक्सर किंवा पंखा असा उघडायचा नाही. त्यासाठी वेगळं, सुरक्षित नियंत्रक यंत्र लागतं. लिथियम बॅटरीच्या वस्तूंना हात लावायचा नाही. बटणासारखे चपटे सेल असतील तर झाकण स्क्रूने घट्ट हवं. कळ कुठे बसवायची हे थेरपिस्टने ठरवावं. आणि मुलाचा हात धरून ती दाबून घेऊ नये. थांबावं. मेंदूकडून हाताकडे निरोप पोहोचायला या मुलांना वेळ लागतो.

अशाच मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईत मिठू अलूर यांनी 1972मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी सुरू केली. आज ती ‘अडाप्ट’ नावाने ओळखली जाते. म्हणजे या मुलांच्या शिक्षणाची परंपरा आपल्याकडे पन्नास वर्षांहून जुनी आहे. सॉकेट, वायर, तांब्याचा थर असलेला बोर्ड हे सगळं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत मिळतं. सोल्डरिंग येणारी मुलं आयटीआयमध्ये आहेत, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत आहेत. त्यांची आणि विशेष शाळांची गाठ घालून देणारं कुणीतरी हवं. या दिवाळीत घरी सेलवर चालणारं खेळणं आणाल, तेव्हा आणखी एक घ्या आणि सोल्डरिंग येणाऱ्या एखाद्या मुलाला सोबत घेऊन जवळच्या विशेष शाळेत जा.