मधमाशीपालनाची शाळा : गावातील मधपाल मंडळ

मधमाशीपालन हा अल्प भांडवलाचा आणि शेतजमीन न अडविणारा जोडधंदा आहे, हे आता बहुतेक ग्रामस्थांस ठाऊक आहे. कुळागर, काजूची बाग किंवा रान जवळ असले म्हणजे घराच्या परसातही एक-दोन पेट्या ठेवता येतात. असे असूनही पडवीच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली रिकामी पेटी पुष्कळ ठिकाणी पाहावयास मिळते. पेटी मिळाली, चार दिवसांचे प्रशिक्षण झाले, पहिल्या उन्हाळ्यात थोडा मधही निघाला. परंतु पावसाळा सरल्यावर झाकण उघडले तेव्हा आत एकही माशी उरली नव्हती. मग 'आमच्या गावात माश्या टिकत नाहीत' असा समज पसरतो. वस्तुतः दोष गावाचाही नसतो आणि माश्यांचाही नसतो. शिक्षण अर्धवट राहिलेले असते. ते पुरे करण्याचे सर्वांत सुलभ साधन म्हणजे गावातील मधपालांचे मंडळ होय.

पुस्तक कोठवर पुरते

गोव्यात व लगतच्या खानापूर भागात आग्या, फुलोरी व सातेरी या मधमाश्या आढळतात. पैकी आग्या व फुलोरी उघड्यावर एकच पोळे बांधतात. त्या पेटीत राहत नाहीत. सातेरी मात्र झाडाची ढोली, भिंतीतील पोकळी किंवा सोडलेले वारूळ अशा अंधाऱ्या जागी अनेक समांतर पोळी बांधते. म्हणूनच ती पेटीत नांदू शकते. दोन पोळ्यांमध्ये विशिष्ट अंतर राखले तर माश्या ती वाट मोकळी ठेवतात, हे तत्त्व अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ साली वापरात आणले आणि उचलून घेता येणाऱ्या चौकटींची पेटी शक्य झाली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी फादर न्यूटन यांनी दक्षिण भारतात आपल्या लहान चणीच्या माशीस साजेशी पेटी तयार केली.

एवढे पुस्तकातून कळते. परंतु चौकट हातात घेतल्यावर कोठीच्या तळाशी उभे असलेले बारीक अंडे ओळखणे, अंडी दिसली म्हणजे राणी दिसली नाही तरी ती नुकतीच येथे होती असे जाणणे, माश्यांच्या आवाजातील फरकावरून पेटी केव्हा मिटावी हे ठरविणे, या गोष्टी जाणत्या माणसाशेजारी उभे राहूनच येतात. नारळाच्या सोडणाचा धूर किती द्यावा, हेही पाहूनच समजते. तो थोडा असावा. अधिक झाल्यास वसाहत बिथरते. डंख झाल्यास काटा नखाने खरवडून ताबडतोब काढावा, कारण त्याच्या वासाने इतर माश्याही चवताळतात. ज्यास डंखानंतर श्वास लागतो किंवा अंगभर गांधी उठतात, त्याने विलंब न करता रुग्णालय गाठावे व हा उद्योग वैद्यकीय सल्ल्यावाचून करू नये.

ऋतूप्रमाणे पाठ

मंडळाचा खरा लाभ असा की, ते एकदा शिकवून थांबत नाही, वर्षभर शिकविते. मधमाशीपालनातील प्रत्येक काम ऋतूशी बांधलेले आहे. आपल्याकडे आरंभ दिवाळीच्या सुमारास करावा. पाऊस ओसरल्यावर फुलोरा वाढतो, राणी भराभर अंडी घालते आणि वसाहत फोफावते. रानातील वसाहत पेटीत घेणे व बळकट वसाहतीचे विभाजन करणे या काळात साधते. पकडलेल्या वसाहतीची अंडी-अळ्यांची पोळी कापून केळीच्या धाग्याने चौकटीस बांधतात. राणी सुखरूप पेटीत आली की बाकीच्या माश्या तिच्यामागे येतात. हे काम पुस्तक उघडून करता येत नाही. रानातील मध काढण्यात आयुष्य घालविलेला गावातील एखादा वयोवृद्ध ते सहज दाखवितो. अशा व्यक्तीस मंडळात मानाचे स्थान द्यावे.

पौष-माघापासून काजू मोहरतो, पुढे जांभूळ व रानातील इतर झाडे फुलतात. हा मधाचा काळ होय. मध केवळ वरच्या मधकोठीतूनच घ्यावा; खालच्या पिल्लांच्या कोठीस हात लावू नये. पोळ्यावरील निदान तीन चतुर्थांश घरे मेणाने बंद झाल्याखेरीज मध काढू नये. कच्च्या मधात पाणी अधिक असते व तो लवकर आंबतो. मध काढण्याचे यंत्र एकट्या मधपालास परवडत नाही आणि वर्षातील थोडेच दिवस लागते. मंडळाचे एक यंत्र साऱ्या गावास पुरते.

आषाढ-श्रावणात खरी परीक्षा असते. संततधार पावसात माशीस बाहेर पडता येत नाही, मकरंदही मिळत नाही. या दिवसांसाठी पेटीत मध शिल्लक ठेवावा आणि गरजेप्रमाणे साखरेचा पाक द्यावा. दुर्बल वसाहतीच्या रिकाम्या पोळ्यांवर मेणाच्या किड्याची अळी पडते. जाळी धरलेली पोळी वेळीच काढून टाकावीत. उपाशी व किडीने त्रासलेली सातेरी घर सोडून निघून जाते. रिकाम्या पेट्यांचे मोठे कारण येथे आहे. उन्हाळी प्रशिक्षण घेतलेल्या नवशिक्यास पावसाळ्यात विचारण्यास कोणी नसते. मंडळ असले म्हणजे शेजारी येऊन पेटी पाहतो.

रोगाचा धडा

१९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड नावाचा विषाणूजन्य रोग पसरला आणि कर्नाटक, केरळ व तामिळनाडूतील सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट झाल्या. या रोगात अळी कोषात जाण्यापूर्वीच मरते व पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी दिसते. यावर खात्रीचे औषध नाही. रोगट चौकट दुसऱ्या पेटीत न घालणे, हत्यारे स्वच्छ ठेवणे आणि रोगातून तरलेल्या बळकट वसाहतींपासूनच पुढील वंश वाढविणे, हाच मार्ग आहे. एका मधपालाने लपविलेला रोग साऱ्या गावास भोवतो. तो मोकळेपणाने सांगितला जाईल अशी जागा म्हणजे मंडळ.

मंडळ कसे चालवावे

प्रारंभी दहा-पंधरा सभासद पुरेत. महिन्यातून एक दिवस ठरवून, उन्हे तापण्यापूर्वी, पाळीपाळीने एकेकाच्या पेटीपाशी जमावे. भाषणे थोडी व पाहणी अधिक असावी. नव्या सभासदाने पहिला हंगाम केवळ पाहावा व हाताखाली काम करावे. नंतर दोन पेट्यांपासून आरंभ करावा. दोन पेट्या असल्या म्हणजे एकीची स्थिती दुसरीशी ताडून पाहता येते. प्रत्येक पेटीची वही ठेवावी व तीत तारीख, राणीची स्थिती, अंडी-अळ्या, मध आणि दिलेले खाद्य नोंदवावे. पाच वर्षांच्या अशा वह्या म्हणजे त्या गावापुरता प्रमाणग्रंथच होय.

काजूवरील ढेकण्यासारख्या किडीसाठी फवारणी करावयाची असल्यास बागायतदाराने मंडळास आधी कळवावे आणि शक्यतो सायंकाळी, माश्या परतल्यावर फवारावे. माश्यांमुळे परागीभवन होऊन फळधारणेस साहाय्य होते. म्हणून या सहकार्यात बागायतदाराचेही हित आहे.

अधिकारी व शिक्षकांस विनंती

विस्तार अधिकाऱ्यांनी पेट्यांच्या वाटपाचा आकडा हेच यश मानू नये. दुसऱ्या दिवाळीस किती पेट्यांत माश्या नांदत आहेत, हा खरा हिशेब आहे. मंडळात एक हंगाम हजर राहिलेल्यास प्रथम पेटी द्यावी; पावसाळ्यात एक फेरी अवश्य घालावी. शास्त्रीय मार्गदर्शनासाठी पुण्यास १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. तेथे शिकून आलेल्या व्यक्तीचे ज्ञान गावात रुजावयाचे तर त्यास ऐकणारे व करून पाहणारे मंडळ हवे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावचे फुलोरा-पत्रक तयार करवून घ्यावे. कोणते झाड कोणत्या पंधरवड्यात फुलते, त्यावर माश्या येतात की नाही, एवढ्या दोन नोंदी पुरेशा आहेत. हे पत्रक मधपालास कोणत्याही छापील पुस्तकाहून अधिक उपयोगी पडेल.

मधमाशी एकटी जगत नाही. ती वसाहतीने जगते. तिला पाळणाऱ्यानेही एकट्याने शिकण्याचा हट्ट धरू नये. पडवीत रिकामी पेटी असेल तर ती स्वच्छ करून उन्हात ठेवावी आणि येत्या दिवाळीपूर्वी चार शेजाऱ्यांस बोलवावे. मंडळाची पहिली सभा त्या पेटीभोवतीच भरू शकते.