साखर ओळखणाऱ्या बिया

मूठभर कुळीथ घ्या. पिंपळनेरच्या बाजारात मिळतात तेच, ज्यांच्या पिठाचे शेंगोळे होतात ते. मिठाच्या पाण्यात भिजवा, वाटा, गाळून घ्या. ते गढूळ पाणी योग्य तेवढं पातळ करून त्याचा एक थेंब काचपट्टीवरच्या ए गटाच्या रक्तात टाका. बघता बघता रक्त दाणेदार होतं, लाल पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या धरतात. आता तोच थेंब बी गटाच्या रक्तात टाका. काही नाही. ओ गटात? तिथंही काही नाही.

कुळथाला रक्तगट कळतो!

हे पुण्यात लक्षात आलं. सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या रक्तसंक्रमण विभागातल्या डॉ. जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये ते छापलं. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं की कुळीथ याहूनही बारकाईनं पाहतो. ए गटाचे आतून दोन पोटप्रकार आहेत, ए-१ आणि ए-२. पातळ केलेला कुळथाचा अर्क ए-१ ला धरतो आणि ए-२ ला सोडून देतो. जगभरच्या रक्तपेढ्यांमध्ये हा फरक पाहायला आजही कुळथाचाच अर्क वापरतात.

पण कुळथाची बी रक्तात पाहते तरी काय? साखर. चहातली नव्हे. आपल्या प्रत्येक पेशीच्या बाहेरच्या अंगावर साखरेच्या रेणूंच्या लहान-लहान साखळ्या उभ्या असतात, काही सरळ, काही फांद्या फुटलेल्या. ए गट म्हणजे अशा साखळीच्या टोकाला बसलेली एक विशिष्ट साखर. तिचं नाव लांबलचक आहे, एन-ॲसिटिल-गॅलॅक्टोसामाइन. प्रयोगशाळेत तिला नुसतं गॅलनॅक म्हणतात, आपणही तसंच म्हणू. बी गटात त्याच जागी दुसरी साखर असते, ओ गटात ती जागा मोकळी. बियांमधली काही प्रथिनं अशी एखादीच साखर ओळखून तिला घट्ट धरतात. एका रेणूला धरायच्या जागा दोन किंवा चार, म्हणून तो एकाच वेळी दोन पेशींना धरतो आणि गुठळी होते. ही प्रथिनं म्हणजे लेक्टिनं.

पहिलं लेक्टिन एरंडीच्या बीत सापडलं, १८८८ मध्ये, आजच्या एस्टोनियातल्या विद्यापीठात पीटर हेर्मान स्टिलमार्क या तरुणाला. मग यादी वाढतच गेली. सोनाराच्या तराजूतली गुंज, राजमा, मसूर, फणसाची आठळी, भुईमूग, पळस. आपण ज्यांच्यावरून रोज हात फिरवतो त्याच या बिया.

आता कर्करोगाकडे येऊ. तिथं लेक्टिन शिरलं ते योगायोगानं. १९६३ मध्ये बोस्टनचे जोसेफ ऑब कर्करोगाच्या पेशींवर निरनिराळी विकरं टाकून पाहत होते. गव्हाच्या अंकुरातून काढलेल्या लायपेझ या विकरानं त्या पेशींच्या गुठळ्या केल्या, निरोगी पेशी मात्र जवळजवळ तशाच राहिल्या. इतर ठिकाणाहून आणलेल्या लायपेझनं असं काही केलं नाही. मग त्यांनी गव्हाचा तो अर्क तापवला. विकर मेलं, तरी गुठळ्या होतच राहिल्या! म्हणजे करामत विकराची नव्हतीच. त्यात चुकून मिसळलेलं गव्हाचं लेक्टिन हे काम करत होतं. कर्करोगाच्या पेशीचं बाहेरचं अंग निरोगी पेशीपेक्षा वेगळं असतं, हे गव्हानं सांगितलं.

वेगळं कसं? पोळ्याला बैल सजवतात तसं समजा. शिंगांना हिंगूळ, वर बेगड, कपाळाला गोंडा, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल, सगळं ठरलेल्या क्रमानं. सजावटीवरूनच गावकरी सांगतात की बैल कुणाचा. निरोगी पेशीही आपल्या साखळ्या अशाच क्रमानं, एकेका विकराकडून एकेक साखर चढवत सजवते. कर्करोगाच्या पेशीत हे विकरांचं काम बिघडतं. साखळी अर्धवट राहते, कधी भलतीच साखर टोकाला बसते. एरवी आत झाकलेला गॅलनॅक उघडा पडतो. दिसायला फार बारीक फरक. पण बीला तेवढा पुरतो.

यातही किती बारकावा! १९६४ मध्ये बर्ड यांनीच नोंदवलं की भुईमुगाचा अर्क साध्या रक्तपेशींना हातही लावत नाही. मात्र त्यांच्या साखळीवरचं सायलिक आम्लाचं टोपण काढलं की लगेच धरतो. टोपणाखाली गॅलॅक्टोज आणि गॅलनॅक यांची जोडी असते, तिला टी प्रतिजन म्हणतात, आणि अनेक कर्करोगांत हीच जोडी उघडी पडलेली सापडते. फणसाचं लेक्टिनही याच जोडीवर जातं, पण त्याला टोपणाची अडचण होत नाही. दोन बिया, एकच साखळी, आणि दोघींची पारख निराळी. ही पारख कशी होते ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. विजयन आणि अवधेश सुरोलिया यांच्या गटांनी स्फटिकांवर क्ष-किरण सोडून अणूअणूनं पाहिलं. भुईमुगाच्या लेक्टिनची रचना १९९४ मध्ये आली, फणसाच्या लेक्टिनची १९९६ मध्ये. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पांगारा आणि रानफणसाच्या लेक्टिनांवर काम झालं. हे सारं आपल्या बांधावरचं विज्ञान आहे, आणि ते आपल्या शाळेच्या पुस्तकात यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मग बियांच्या या पारखीचा उपयोग कुठं होईल? एक उदाहरण घेऊ. पित्तनलिकेचा कर्करोग लवकर सापडणं हे डॉक्टरांपुढचं फार अवघड काम. यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं आणि ते आतड्यात पोचवणारी मुख्य नळी जेमतेम काही मिलिमीटर रुंद. ती पोटात खोल, यकृत आणि स्वादुपिंडाच्या मधोमध. गाठ बाहेरून हाताला लागत नाही. डोळे पिवळे होतात, अंगाला खाज सुटते, लघवी गडद होते, तेव्हा कुठं शंका येते. आणि कावीळ तर खड्यानंही होते! दुर्बिणीतून नळीत ब्रश घालून पेशी खरवडाव्यात, तर गाठीभोवती चिवट तंतू असल्यामुळे ब्रशला नेमक्या पेशी लागतीलच असं नाही. रक्तातली सीए १९-९ ही खूणही मुळात साखरेचीच. पण नळी खड्यानं तुंबली तरी ती वाढते, आणि काही माणसांच्या शरीरात ती साखर जन्मतःच तयार होत नाही. त्यांना कर्करोग झाला तरी तपासणी गप्प.

इथं जपानी शास्त्रज्ञांनी एक सुंदर प्रश्न विचारला. कोणत्या वनस्पतीला हा कर्करोग सगळ्यात चांगला ओळखता येतो? त्सुकुबाच्या संशोधन संस्थेत हिसाशी नारिमात्सु यांच्या गटानं एका काचपट्टीवर चाळीसेक लेक्टिनं ठिपक्याठिपक्यांनी चिकटवली. शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींच्या कापांमधून गाठीचा आणि निरोगी नळीचा अगदी थोडा भाग खरवडून घेतला, त्यातली प्रथिनं चमकणाऱ्या रंगानं रंगवली आणि पट्टीवर सोडली. जो ठिपका उजळला, त्या बीनं आपली साखर ओळखली. निरोगी आणि रोगट यांत सर्वांत ठळक फरक दाखवला तो विस्टेरियानं, म्हणजे जांभळ्या फुलांचे घोस लोंबणाऱ्या जपानी वेलीनं. ही वेल शेंगांच्या कुळातली, भुईमूग, कुळीथ आणि पळसाची भाऊबंद. आणि तिचं लेक्टिन शोधतं काय? गॅलनॅक!

ती साखर म्युसिन-१ नावाच्या प्रथिनावर बसलेली होती. हे प्रथिन नळीच्या आतल्या अस्तरावर असतं आणि झडून पित्तात मिसळतं. मग चाचणी अशी झाली: आधी एक प्रतिपिंड पित्तातलं म्युसिन-१ पकडून ठेवतो, मग विस्टेरियाचं लेक्टिन येऊन त्याच्या अंगावरची साखर चाचपतं. दोन्ही जुळलं तरच संकेत उमटतो. खडे किंवा इतर साध्या आजारांच्या रुग्णांपेक्षा पित्तनलिकेच्या कर्करोगाच्या रुग्णांत हा संकेत जास्त दिसला. २०१० मध्ये हे ‘हेपॅटॉलॉजी’ नियतकालिकात आलं, पुढे अनेक रुग्णालयांनी मिळूनही ते तपासलं. ईशान्य थायलंडमध्ये कच्च्या माशातून यकृतात शिरणाऱ्या कृमीमुळे हा कर्करोग जगात सर्वाधिक होतो. तिथल्या खोन केन इथल्या शास्त्रज्ञांनीही गाठींचे काप निरनिराळ्या लेक्टिनांनी रंगवून या बदललेल्या साखरा पाहिल्या. अर्थात एकट्या लेक्टिनावर निदान ठरत नाही, स्कॅन आणि पेशींची तपासणी लागतेच. आणि कुळीथ किंवा शेंगदाणे खाल्ल्यानं कर्करोग ओळखला जात नाही की बरा होत नाही, हेही ठाम सांगायला हवं.

तरी रुग्णालयांत लेक्टिनं पोचली आहेत. यकृताच्या कर्करोगात एएफपी या प्रथिनाचा धोकादायक प्रकार वेगळा काढायला मसुराचं लेक्टिन वापरतात. यकृत किती निबर झालंय हे विस्टेरियाच्या लेक्टिनानं रक्तातून मोजायची तपासणी जपानच्या आरोग्य विम्यात २०१५ पासून आहे.

मग सगळ्यात मोठा प्रश्न उरतो. जपानच्या डोंगरातल्या वेलीला माणसाच्या पित्ताशी काय देणंघेणं? काहीच नाही. बी आपला बचाव करते, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. बी खाणाऱ्या किड्याच्या किंवा जनावराच्या आतड्याच्या अस्तरावर साखरेच्या साखळ्या असतात. लेक्टिन त्यांना चिकटतं, अन्न पचत नाही, खाणारा पुन्हा त्या बीकडे वळत नाही. अर्धाकच्चा राजमा खाऊन ओकाऱ्या होतात त्या याच कारणानं, नीट उकळला की लेक्टिन मोडतं. किड्याचं आतडं असो, रक्तातली पेशी असो की माणसाची पित्तनलिका, सजीवांच्या अंगावरच्या साखळ्या त्याच मोजक्या साखरांच्या बनतात. म्हणून खाणाऱ्याच्या पोटासाठी घडलेल्या प्रथिनाला ए गटाचं रक्त कळतं आणि पित्तात झडून आलेला उघडा गॅलनॅकही कळतो. पळसाच्या बीतलं लेक्टिनही हीच साखर धरतं.