दाखला आपला, ताबाही आपलाच! ‘डीआयडी’ म्हणजे नेमकं काय?

कोरोना लसीचं सर्टिफिकेट आठवतंय? त्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन होता, म्हणजे क्यूआर कोड. त्यात लस घेणाऱ्याची माहिती आणि सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेची डिजिटल सही होती. कागदावरचं नाव कुणी बदललं, तरी कोड स्कॅन करताच मूळ नाव समोर यायचं. कोडमध्येच फेरफार केला, तर सही जुळायची नाही. ही सर्टिफिकेटं एका जागतिक मानकाच्या धर्तीवर तयार झाली होती. ‘आपली ओळख आपल्या हाती’ या नव्या पद्धतीचा पायाही तेच मानक आहे.

पद्धत कशी चालते?

यात तीन जण असतात: दाखला देणारा, बाळगणारा आणि तपासणारा. समजा, कॉलेजने डिजिटल सही केलेलं गुणपत्रक तुमच्या मोबाईलमध्ये दिलं. नोकरीच्या ठिकाणी ते दाखवलं, की तिथला माणूस सही तपासतो. त्याला कॉलेजला फोन करावा लागत नाही, की पत्र पाठवून वाट बघावी लागत नाही.

सही तपासायची किल्ली कुठे मिळेल, हे ‘डीआयडी’ सांगतो. डीआयडी म्हणजे विकेंद्रित ओळख-क्रमांक. तो कुठल्या कंपनीच्या खात्याला बांधलेला नसतो. त्यामुळे खातं बंद पडलं म्हणून ओळख पुसली जात नाही.

दुसरा फायदा म्हणजे गरजेपुरतंच दाखवता येतं. वय १८ च्या पुढे आहे एवढंच सांगायचं असेल, तर जन्मतारीख आणि पत्ता झाकून ठेवण्याची सोय यात करता येते. आज आपण साध्या कामालाही आधारची पूर्ण झेरॉक्स देऊन मोकळे होतो.

मानक कशाला हवं?

पूर्वी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळायची नाही. किलो आला आणि माप एक झालं. दाखल्यांचंही तसंच आहे. एका ॲपचा दाखला दुसऱ्याला वाचता आला नाही, तर त्याचा उपयोग काय?

म्हणून जगभरातले प्रोग्रॅमर, संस्था आणि कंपन्या एकत्र बसल्या. वेबचे नियम ठरवणाऱ्या ‘डब्ल्यू३सी’ या संस्थेने डिजिटल दाखल्यांचं मानक नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केलं. डीआयडीच्या वेळी मात्र वाद झाला. गूगल, ॲपल आणि मोझिला यांनी हरकत घेतली. डीआयडी बनवायच्या शंभरावर वेगवेगळ्या पद्धती आहेत, मग एकाचं दुसऱ्याशी जुळणार कसं, हा मुख्य मुद्दा होता. काही पद्धती भरमसाट वीज खाणाऱ्या ब्लॉकचेनवर चालतात, असंही मोझिलाचं म्हणणं होतं. हरकती फेटाळल्या गेल्या आणि १९ जुलै २०२२ ला डीआयडी मानक झालं. दाखल्यांच्या मानकाची दुसरी आवृत्ती मे २०२५ मध्ये आली. पण शंभर पायल्यांचा प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही.

शेजारच्या भूतानने २०२३ मध्ये कायदा करून याच धर्तीवर राष्ट्रीय डिजिटल ओळख सुरू केली.

आपण काय लक्षात ठेवायचं?

आधार आणि डिजीलॉकर या वेगळ्या, सरकारी व्यवस्था आहेत. डिजीलॉकरमधली, संबंधित खात्याने दिलेली कागदपत्रं नियमानुसार मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहेत.

डिजिटल सही फक्त एवढंच सांगते की दाखला कुणी दिला आणि तो बदललेला नाही. नोंदच चुकली असेल, तर सही चुकीच्या नावावरही बरोबर जुळेल. म्हणून नाव, तारीख आधीच तपासून दुरुस्त करून घ्या.

किल्ली मोबाईलमध्येच राहते, आणि आपल्याकडे एकच मोबाईल घरभर फिरतो. फोनला लॉक ठेवा आणि फोन हरवला तर ओळख परत कशी मिळेल, हे ॲप घेण्याआधी विचारा.

डीआयडीची नोंदणी सक्तीची नाही. त्यासाठी कुणी पैसे किंवा ओटीपी मागत असेल, तर सरळ नाही म्हणा.