टाकी भरली, मैला सोडायचा कुठे?

अमेरिकेत किनाऱ्यापासून 3 सागरी मैलांच्या आत बोटीवरचा प्रक्रिया न केलेला मैला पाण्यात सोडायला बंदी आहे. म्हणून छोट्या बोटीच्या टाकीला बाहेर पडायच्या दोन वाटा ठेवतात. डेकवरच्या तोंडातून धक्क्यावरचा पंप मैला ओढून घेतो. दुसरी वाट थेट समुद्रात. ही दुसरी वाट किनाऱ्याजवळ नुसती बंद असून भागत नाही, व्हॉल्व्हला कुलूप घालावे किंवा त्याची मूठ काढून ठेवावी.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते टाकीच्या हवानळीकडे. ती जाड, आखूड आणि सरळ हवी. हवा खेळती राहिली की दुर्गंधी कमी होते. नळी तुंबली, तर पंपाच्या ओढीने टाकी चेपू शकते. धक्क्यावर पंप बसवण्यासाठी 1992च्या क्लीन व्हेसल अ‍ॅक्टखाली राज्यांना केंद्रीय अनुदान मिळते.