बेटे आणि बंदरे (लेखांक ७) : घारापुरीचा वगळलेला किनारा

मागील लेखांकात ग्रीसचे क्रीट बेट पाहिले. प्राचीन अवशेष आणि समुद्रकिनारा एकाच बेटावर हवा असेल, तर रोडपालीकरांना फार लांब जायला नको. रोडपाली-कळंबोलीच्या कडेची खाडी शेवटी ज्या मुंबई बंदरात उघडते, तिथेच उरण तालुक्यातले घारापुरी आहे. फरक पाहण्याच्या रीतीत आहे. क्रीटला गेलेला माणूस नोसोसचा राजवाडा पाहतो आणि किनाऱ्यावरही रेंगाळतो. घारापुरीचा पाहुणा शेतबंदरला लाँचमधून उतरतो, शंभरावर पायऱ्या चढतो, लेण्यातल्या सदाशिवाच्या सुमारे २० फुटी मूर्तीपुढे फोटो काढतो आणि परतीची लाँच धरतो. मोराबंदर आणि राजबंदर ही बेटावरचीच दोन गावे, पण तिकडे क्वचितच कोणी फिरकते. किनारा असा वगळला, तर लेणेही अर्धेच कळते, असे माझे म्हणणे आहे.

मोराबंदरच्या अंगाला, पूर्वेकडच्या टेकडीवर विटांचा बौद्ध स्तूप आहे. तो शैव लेण्यांहून कित्येक शतके जुना. आणि बेटाच्या किनाऱ्यावर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, भूमध्य समुद्राकडून आलेल्या अँफोरांची खापरे सापडली आहेत. अँफोरा म्हणजे दोन कानांचा, निमुळत्या बुडाचा रांजण. जहाजाच्या पोटात एकाला एक खेटून रचता यावा म्हणून त्याचे बूड तसे. त्यातून दारू आणि तेल यायचे. भारतात मिळालेल्या अशा खापरांत कोस या ग्रीक बेटाच्या घाटणीचे रांजण वारंवार दिसतात. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत कल्याणचा उल्लेख आहे, तोही तक्रारीच्या सुरात: तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. कल्याणकडे वळणारी वाट मुंबईच्या याच बंदरातून जाते. म्हणजे सहाव्या शतकात कारागिरांनी डोंगराला छिन्नी लावली, तेव्हा हे बेट जहाजवाल्यांच्या चांगल्या ओळखीचे होते. कलचुरी राजा कृष्णराजाची तांब्याची नाणी इथे मोठ्या संख्येने मिळाली, तीही या वर्दळीशी जुळतात. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले, तो दगडी हत्ती बेटाच्या दक्षिणेला, राजबंदरच्या जुन्या उताराजवळ उभा होता. आज तो भायखळ्याला आहे. जुने पाहुणे दक्षिणेकडून येत होते, हे एवढ्यावरून दिसते.

यावर कोणी म्हणेल, की तिथे पाहायला आहे काय? चिखल आणि खारफुटी; पोहण्याजोगी वाळूही नाही. खरे आहे, आणि क्रीटची निळाई शोधणाऱ्याने इथे येऊच नये. पण बंदराला वाळूची चौपाटी लागत नाही, आडोसा लागतो. तो इथे आहे. दुसरा आक्षेप जड आहे: माणसे तिकडे वळली, तर खापरे खिशात जातील आणि गावकऱ्यांच्या अंगणात गर्दी होईल. १९८७ पासून लेणी जागतिक वारशाच्या यादीत आहेत, तरी बेटावर पाण्याखालून वीज पोहोचायला २०१८ उजाडले; तेव्हा गावाला गृहीत धरणाऱ्या योजनांबद्दल शंका रास्तच. म्हणून वाट मोकाट नको. नोसोसला मिळालेल्या मौल्यवान वस्तू हेराक्लिऑनच्या संग्रहालयात ठेवतात आणि जागेवर ठरलेल्या वाटेनेच फिरवतात. मोराबंदरला तेवढेच करावे: ओहोटीची वेळ पाहून, मोजक्या माणसांना, गावातल्याच वाटाड्याबरोबर न्यावे आणि त्याचे पैसे गावात राहावेत.