जुने बिल्ले-पदके किलोवर घालू नका

शेतकरी बंधूंनो, आज पिकाबद्दल नाही, माळ्यावरच्या पेटीबद्दल सांगायचे आहे. सोयाबीन घरात आले, दिवाळीची झाडलोट निघाली की ही पेटी खाली येते. वरती जुन्या पावत्या, मधे गंजका अडकित्ता आणि तळाशी काळा पडलेला एखादा पितळी बिल्ला. त्याच वेळी गल्लीत भंगारवाला हाळी देतो. बिल्ला तागडीत पडतो आणि आजोबांची तीस वर्षांची नोकरी शे-दीडशे ग्रॅमात निकालात निघते.

आपण 'चपराशी' म्हणतो तो शब्दच या बिल्ल्यावरून आलेला आहे. चपरास म्हणजे पट्ट्यावर लावायची पितळी पाटी. ती लावतो तो चपराशी. नाव साहेबाच्या कचेरीचे, ओझे शिपायाच्या खांद्यावर!

आता ज्या सरकारने ही पाटी दिली ते सरकार कुठे आहे? वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. १९०३ मध्ये ते मध्यप्रांताला जोडले. म्हातारी माणसे 'सीपी बेरार' म्हणत ते हेच. १९५० मध्ये त्याचे मध्य प्रदेश झाले, १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो आणि १९६० ला महाराष्ट्रात. जमीन तीच, सातबारा आपलाच, पण सीपी बेरार नावाचे राज्य नकाशावरून पुसले गेले. निजामाचे हैदराबाद राज्यही १९५६ लाच संपले.

त्यातही आपला बुलडाणा जिल्हा शिवेवरचा. पश्चिमेला खानदेश, म्हणजे मुंबई इलाखा. दक्षिणेला जालना-परभणीकडे निजामाचा मुलूख. सोयरिकी तिन्हीकडे. त्यामुळे एकाच गावात तीन राज्यांचे बिल्ले सापडले तर नवल नाही. ओळखायचे कसे? जिल्ह्याच्या मोठ्या साहेबाचे पद वाचा. आपल्या वऱ्हाडात जिल्ह्याचा प्रमुख 'डेप्युटी कमिशनर' असे, खानदेशात 'कलेक्टर', तर निजामाकडे 'अव्वल तालुकदार'. पाटीवर डेप्युटी कमिशनर कोरले असेल तर माल सीपी बेरारचा समजायला हरकत नाही. कलेक्टर असेल तर खानदेशाकडून आला असावा. अक्षरे उर्दू असली तर बहुधा निजामी. गावातल्या एखाद्या उर्दू वाचणाऱ्या गुरुजींना दाखवा, पाच मिनिटांत उलगडा होतो.

बिल्ल्याखेरीज घरोघरी निघतात ती लढाईची पदके. पहिल्या महायुद्धाचे चांदीचे पदक रुपयापेक्षा मोठे असते. एका बाजूला पंचम जॉर्ज बादशहाचे मुंडके, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४, १९१८ हे साल. वजन साधारण अडीच-पावणेतीन तोळे. हेच वजन त्याच्या मुळावर आले. १९८० च्या सुमारास चांदीचा भाव भडकला तेव्हा जगभर अशी कितीतरी पदके मुशीत गेली. वास्तविक या पदकाचे मोल चांदीत नाही, कडेला आहे. नखाने माती काढून कड वाचा. तिथे शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. '१११ महार' असे असेल तर ती पलटण १९१७ ला उभी राहिली आणि १९२१ ला मोडली, म्हणजे जेमतेम चार वर्षांची. 'बेरार इन्फन्ट्री' ही ९६ वी पलटण १९२२ मध्ये हैदराबाद रेजिमेंटमध्ये गेली आणि त्या रेजिमेंटचे १९४५ ला कुमाऊं झाले. मात्र नाव बेरार आहे म्हणून शिपाई वऱ्हाडी असेलच असे धरू नका, भरती बरीचशी उत्तरेकडची असे.

चांदीच्या जोडीला पंखवाल्या देवीचे काशाच्या रंगाचे पदक असते. त्याला मोडीत काही येत नाही म्हणून पोरांना खेळायला देतात, किंवा वाटणीत थोरल्याला चांदीचे आणि धाकट्याला हे! जमिनीला तुकडेबंदीचा कायदा आहे, पदकांना नाही. जोडी फुटली की निम्मी माहिती गेली. शिपायाचे डिस्चार्जचे कागद त्याच पेटीत असतील तर तेही सोबतच ठेवा. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीचा निळा टॅग काढला की उरते ते नुसते धान्य. तसेच हे.

रावसाहेब, रावबहादूर, खानबहादूर या किताबांबरोबर १९११ पासून सरकार पदकही देई. काही वाड्यांत ती असतील, काहींत नसतीलही. असहकाराच्या चळवळीत लोकांनी किताब परत केले. आपल्याच प्रांतातल्या वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांनी रायबहादूरकी सोडली. तेव्हा एखाद्या घरी पदक नाही, पण ते परत केल्याचे पत्र आहे, तर माझ्या मते ते पत्र पदकापेक्षा भारी.

ज्या तरुणांना हा छंद लागला आहे त्यांनी एक वही करावी. वस्तू कोणत्या गावात, कोणत्या घरून, कधी मिळाली आणि घरच्यांनी काय सांगितले ते लिहावे. बाजारात नकली मालही आहे. खरा बिल्ला बहुतेक ठशाचा, अक्षरे धारदार, मागचे हूक झिजलेले. नकली ओतीव, अक्षरे गुळगुळीत, अंगावर बारीक खड्डे, आणि हिरवा गंज ओल्या फडक्याने पुसला जातो.

माउल्यांना एक विनंती. चिंच, राख, पितांबरी यातले काही लावू नका. घासून लख्ख केलेल्या बिल्ल्याची अक्षरे दर दिवाळीला थोडी थोडी जातात. कोरड्या सुती कापडात गुंडाळा, ओल धरणाऱ्या भिंतीच्या कोनाड्यात ठेवू नका, बस.

कायद्याचेही बघा. नांगरताना जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू निघाली तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. गुपचूप सोनाराकडे नेली तर गुन्हा. शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, हे १९७२ च्या कायद्यात आहे. पहिल्या महायुद्धाची पदके आता शंभरी ओलांडून गेली, म्हणून 'बाहेर चांगला भाव देतो' म्हणणाऱ्या पाहुण्याला दारातूनच रामराम.

आता पटवारी, ग्रामसेवक, पोलीस पाटील मंडळींसाठी. १९६२ च्या कायद्याने महसुली पाटीलकी गेली, जुने दप्तर खोलीत पडून राहिले. निर्लेखनाच्या यादीत 'पितळी सामान, इतके किलो' असे लिहू नका. नगाने लिहा, प्रत्येक पाटीवरचा मजकूर आणि क्रमांक उतरवा, फोटो काढा आणि लिलावाआधी नागपूरच्या पुराभिलेख कार्यालयाला किंवा तिथल्या मध्यवर्ती संग्रहालयाला, म्हणजे १८६३ पासूनच्या अजब बंगल्याला, पत्र टाका. जुन्या कोतवालाच्या किंवा जागल्याच्या घरी बिल्ला असेल तर तो मागू नका, त्यांचाच राहू द्या. फक्त त्यावरचा नंबर आणि तो कोण लावत होता त्याचे नाव लिहून घ्या. ते नाव सांगू शकणारी माणसे ऐंशीच्या पुढची आहेत, तेव्हा या दिवाळीआधीच जाऊन या.