‘बेर्दे’ : हिरवा की कच्चा?

आमच्या ग्रंथालयात एक जुना स्पॅनिश शब्दकोश आहे. ‘हिरवा’ या शब्दाला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात एवढेच पाहायला मी तो उघडला आणि तासभर तिथेच रमलो.

शब्द सापडला ‘बेर्दे’. हिरवा रंग हा त्याचा वाच्यार्थ. पण न पिकलेले फळही बेर्दे आणि न वाळलेले ओले सरपणही बेर्दे. आपल्या कोल्ह्याला द्राक्षे आंबट. स्पॅनिश कोल्ह्याला ती बेर्दे, म्हणजे कच्ची!

पुढे लक्षणा सुरू होते. चावट विनोद बेर्दे. उतारवयात बायकांमागे लागणारा तो ‘बिएहो बेर्दे’, म्हणजे हिरवा म्हातारा. आपणही अशाचा देठ अजून हिरवा आहे, असे म्हणतोच की!

अननुभवी माणूसही बेर्देच. मात्र खरी गंमत पुढेच आहे. आपल्या एका ‘आहे’साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदे आहेत. मूळ गुणधर्म सांगायला ‘सेर’, स्थिती सांगायला ‘एस्तार’. पान हिरवे आहे, तिथे ‘सेर’. फळ कच्चे आहे, उमेदवार कच्चा आहे, तिथे ‘एस्तार’.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. ‘हा इंग्रजीत कच्चा आहे’ हे वाक्य शाळेपासून ऐकत आलो आणि तो जन्माचा गुणधर्मच मानून बसलो. त्यातला ‘आहे’ कोणता, हे कधी विचारलेच नाही. आता कोणी तसे म्हटले, तर मी मनात ‘एस्तार’ म्हणतो. कैरी आढीत घातल्यावर चार दिवस थांबावे लागतेच.